शिंपल्यांच्या खिडक्या, शीट फिल्म आणि डिजिटलसाठी घडवलेली लेन्स : प्रकल्प नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, फोंडा

लेन्स आज पोचली. श्नायडरची अपो-डिजिटार, १२० मिमी, एफ/५.६, कोपाल ० शटरमध्ये. मुंबईच्या एका जाहिरात स्टुडिओने डिजिटल बॅकवर (फिल्मच्या जागी लावायच्या संवेदकावर, म्हणजे सेन्सरवर) बरीच वर्षं वापरून विकायला काढलेली. टॉर्च मारून काचा पाहिल्या, बुरशीचा एक धागा नाही. गोव्यात दोन-चार पावसाळे काढलेल्या लेन्सबद्दल असं सहसा लिहिता येत नाही, म्हणून आधी तेच लिहून ठेवतो. ती सरळ कोरड्या पेटीत गेली, आर्द्रता ४५ टक्क्यांवर.

काम ठरलेलं आहे. दिवाडी बेटावरच्या एका जुन्या घरात शिंपल्यांच्या तावदानांच्या नऊ खिडक्या शिल्लक आहेत. काच महाग होती त्या काळात गोव्यातल्या घरांच्या खिडक्यांना हे चपटे, अर्धपारदर्शक शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवत. शिंपल्याचं शास्त्रीय नाव प्लाकुना प्लासेंटा. झुआरीत, चिखलीच्या खाडीत तो अजून सापडतो, पण आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. म्हणजे फुटलेल्या तावदानाच्या जागी तसंच नवं आणता येत नाही. दर पावसाळ्यात दोन-तीन गळतात. ते सगळे जाण्याआधी मला ते ४×५ इंच फिल्मवर नीट उतरवायचे आहेत.

गेल्या वर्षी माझ्या जुन्या १५० मिमी सिमार-एस लेन्सने एफ/२२ वर, म्हणजे छिद्र अगदी बारीक ठेवून, एक खिडकी काढली होती. निगेटिव्ह वाईट नव्हती. पण शिंपल्याच्या अंगात कागदासारखे पातळ थर असतात, वाढीच्या रेषा असतात, त्या सगळ्यांचं एक दुधाळ पीठ झालं होतं. घरात उभं राहून डोळ्यांना दिसतं ते फिल्मवर नव्हतं. एवढ्यासाठीच ही लेन्स घेतली.

२९ सप्टेंबर

ही लेन्स घेऊ नकोस असं ज्यांनी सांगितलं त्यांचा मुद्दा खरा होता. डिजिटलच्या लेन्सचं प्रतिमावर्तुळ, म्हणजे लेन्स मागे पाडते त्या प्रतिमेचा गोल, लहान. संवेदक लहान, त्यामुळे लेन्स घडवणाऱ्यांनी मोठ्या वर्तुळाचा हव्यास सोडून आतल्या भागावर सगळी मेहनत घेतलेली असते.

आज गच्चीवरून समोरच्या डोंगरावर फोकस करून ग्राउंड ग्लासवर, कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर, मोजलं. एफ/११ ला कामाचं वर्तुळ साधारण ११० मिमी. त्यापुढे जुन्या लेन्सांसारखं हळूहळू विरत जात नाही, धारच तुटते. ४×५ च्या फिल्मचा वापरातला भाग ९६ × १२० मिमी, त्याचा कर्ण १५४. म्हणजे लांबच्या दृश्याला चारही कोपरे काळे. सिमार-एस १५० चं वर्तुळ २१० मिमी आहे, तिला ही अडचण कधीच आली नाही.

पण मला डोंगर काढायचा नाही, खिडकी काढायची आहे, तीही जवळून. जवळ गेलं की लेन्स फिल्मपासून दूर सरकते आणि वर्तुळ त्याच प्रमाणात वाढतं. वस्तू फिल्मवर तिच्या ०.४ पट उतरवायची तर वर्तुळ १.४ पट होतं. ११० गुणिले १.४, बरोबर १५४. वहीत हा गुणाकार करून झाल्यावर मी काही वेळ त्या आकड्याकडेच बघत बसलो. ०.४ पटीला फिल्मवर खिडकीचा २४ × ३० सेंमीचा तुकडा मावतो. दिवाडीच्या खिडकीत तेवढ्या जागेत चार ओळी, दर ओळीत पाच शिंपले. मला हवा तो तुकडा नेमका हाच होता.

किंमत एकच, या स्थितीत कॅमेऱ्याची एकही हालचाल करता येणार नाही. राइज (लेन्स वर सरकवणं) नाही, शिफ्ट (बाजूला सरकवणं) नाही. कॅमेरा खिडकीसमोर अगदी नाकासमोर उभा करावा लागेल.

२ ऑक्टोबर

सुट्टी. एफ/२२ चा हिशेब मांडला, कारण सगळं तिथेच अडलं आहे.

लार्ज फॉरमॅटच्या नेहमीच्या लेन्स एफ/२२ च्या आसपास सर्वांत चांगलं काम करतील अशा बेताने केलेल्या असतात. तिथे छिद्र इतकं बारीक होतं की प्रकाशाचं विवर्तनच, म्हणजे छिद्राच्या धारेशी पसरणंच, तपशिलाची मर्यादा ठरवतं. ढोबळ हिशेब म्हणजे १५०० भागिले एफ-क्रमांक, उत्तर मिमीला रेषाजोड्यांत, म्हणजे एका मिमीत काळ्या-पांढऱ्या रेषांच्या किती जोड्या वेगळ्या दिसतात त्यात. एफ/२२ ला ६८. शिवाय जवळून काढताना प्रत्यक्षातला एफ-क्रमांक वाढतो, ०.४ पटीला २२ चा ३१ होतो आणि ६८ च्या राहतात ४८. मग लेन्स कितीही भारी असो, सगळ्या एकाच रांगेत.

डिजिटलच्या लेन्स एफ/८ ते एफ/११ ला उत्तम असतात. त्या तशा असाव्याच लागतात. ६ मायक्रॉनच्या पिक्सेलचा संवेदक मिमीला ८३ रेषाजोड्यांपर्यंत पोचतो, त्याला तेवढं पुरवायला लेन्स हवी. एफ/११ चा ०.४ पटीला १५.४ होतो, मर्यादा ९७.

मग फिल्म तेवढं घेते का? कोडॅकने टी-मॅक्स १०० फिल्मसाठी दोन आकडे दिलेले आहेत, १०००:१ अशा कडक विरोधाला (कॉन्ट्रास्टला) मिमीला २००, आणि १.६:१ अशा मऊ विरोधाला ६३. पाठीमागून उजेड येणाऱ्या शिंपल्यातल्या रेषा दुसऱ्या जातीच्या, दुधावर दूध. अशा ठिकाणी लेन्सने बारीक तपशिलातला विरोध शाबूत ठेवला नाही तर फिल्मपर्यंत काहीच पोचत नाही. या लेन्सकडून मला नवे आकडे नकोत, हा मऊ विरोध हवा आहे.

अजून एक. संवेदकाला कडेने येणारे तिरके किरण सोसत नाहीत, रंगाचे डाग पडतात. फिल्मला त्याचं काही नाही. त्यामुळे डिजिटारसारखी साध्या सममित घडणीची लेन्स उलट फिल्मवर जास्त सुखाने नांदेल असा माझा अंदाज.

६ ऑक्टोबर, दिवाडी

पहिली फेरी. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट. कॅमेरा, तिकाटणं, सहा होल्डर (फिल्मच्या शीट भरायच्या चपट्या चौकटी), मामा सोबतीला. घरच्या आंटींनी माजघराची खिडकी आधीच पुसून ठेवली होती. मी त्यांना पुढच्या वेळी पुसू नका म्हणून विनंती केली, ओल्या फडक्याने लाकूड फुगतं आणि शिंपले सैल होतात.

वरून आभाळ भरलेलं, उजेड मऊ. फिल्म इल्फर्ड एफपी४ प्लस. चार शीट, एफ/८ आणि एफ/११ वर. परतताना पाऊस.

९ ऑक्टोबर

धुतल्या. आयडी-११ डेव्हलपर, १+१, २० अंशांवर ११ मिनिटं. नळाचं पाणी सध्या २९ अंश आहे, बर्फाच्या पिशव्या घालून २० वर आणायलाच पाऊण तास गेला. धुण्याचं पाणीही एकदम गरम नको म्हणून टप्प्याटप्प्याने वर नेलं.

निकाल वाईट. एफ/८ ची शीट भिंगाखाली धरली. शिंपले मऊ, लोण्यासारखे. सिमारपेक्षाही वाईट. लेन्स परत पाठवायची का, हा विचार मनात येऊन गेला. स्टुडिओत कुणाच्या हातून पडली असेल, आतली काच हलली असेल असंही वाटलं.

पण एक गोष्ट खटकली. लाकडी पट्ट्या स्पष्ट होत्या. पट्टीवर जुन्या रंगाचा पोपडा सुटलेला आहे, त्याची धार सुरीसारखी. पट्ट्या शिंपल्यांच्या साधारण ३ मिमी पुढे आहेत. बिघडलेली लेन्स ३ मिमी पुढचं स्पष्ट आणि मागचं अस्पष्ट असं निवडून काढत नाही. मी तर शिंपल्यावरच फोकस केला होता, आठ पटीच्या भिंगाने, दोनदा.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पूजेला कॅमेरा काढला. दरवर्षी पाटावर ठेवण्याआधी सगळं उघडून पुसतो. मागची चौकट सोडवली आणि कारण समोर आलं.

दीड वर्षापूर्वी हा कॅमेरा दुरुस्तीला दिला होता. तिथल्या माणसाने ग्राउंड ग्लास उजळ दिसावी म्हणून फ्रेनेल बसवून दिला होता, प्लास्टिकचा पातळ पत्रा, बारीक वर्तुळांच्या चऱ्या असलेला. तो काचेच्या बाहेरून, डोळ्याच्या बाजूने बसवायला हवा होता. त्याने मापात कापून आतून, लेन्सच्या बाजूला चिकटवला. मी तेव्हा उजळ काच बघून खूश झालो होतो.

पत्रा मोजला, १.५ मिमी. अशा पारदर्शक पत्र्यातून जाताना प्रतिमा जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे सरकते. अर्धा मिमी. मी काचेवर बघून फोकस करतो तेव्हा वाटेत पत्रा असतो. होल्डर सरकवला की पत्रा बाजूला होतो आणि प्रतिमा फिल्मच्या अर्धा मिमी अलीकडे उमटते. ०.४ पटीला फिल्मकडचा अर्धा मिमी म्हणजे वस्तूकडचे ३ मिमी. पट्ट्या नेमक्या तेवढ्याच पुढे आहेत.

आणि हे दीड वर्ष कळलं का नाही? एफ/२२ मुळे. जवळच्या कामात २२ चा ३१ होतो, अर्ध्या मिमीच्या चुकीने फिल्मवर ०.०१६ मिमीचा ठिपका पडतो, डोळा तो सोडून देतो. एफ/८ ला तोच ठिपका ०.०४५ मिमी. माझ्या जुन्या कामातला मऊपणा मी आजवर लेन्सचा धर्म समजत होतो. त्यातला किती या पत्र्याचा होता?

पत्रा बाहेरच्या बाजूला लावला. झेंडूची माळ घातली, लेन्सला हळदकुंकू लावलं. संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला मामांकडे गेलो आणि हे सगळं सांगितलं.

१९ ऑक्टोबर

मामा कुंडईच्या वसाहतीत पंचवीस वर्षं टर्नर होते. मी म्हटलं, आता बाकीचं सगळंही मोजायला हवं. त्यांनी ट्रंकेतून डायलचं डेप्थ गेज काढलं, फडक्यात गुंडाळलेलं, अजून तेल लावलेलं. मी घाईने टेकवायला गेलो तर म्हणाले, “अरे, आधी गेज शून्यावर आण. मग होल्डरला बोल लाव.”

४×५ च्या होल्डरचं प्रमाण असं आहे: कडेपासून फिल्मच्या पाठीमागच्या पत्र्यापर्यंत ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिमी, आणि सूट ०.००७ इंच, म्हणजे ०.१८ मिमी. फिल्मची स्वतःची जाडीही जवळजवळ तेवढीच, ०.१८. ती वजा केली की फिल्मचा पृष्ठभाग ४.८२ वर येतो आणि ग्राउंड ग्लासही तिथेच हवी. माझी ४.८५ वर आहे. चांगली.

सहा होल्डरांच्या बारा बाजू, प्रत्येकीची पाच ठिकाणी मोजणी. सात बाजू ४.९५ ते ५.०५ मध्ये. तीन जरा बाहेर, पण प्रमाणाच्या सुटीत. दोन बाजू मधोमध ५.२२, पत्र्याला पोक आलेला. त्या दोन्ही एकाच जुन्या लाकडी होल्डरच्या. त्याच्यावर लाल फुली मारली. सात चांगल्या बाजूंना पांढरा ठिपका. दिवाडीच्या कामाला फक्त ठिपकेवाल्या.

मग पोलादी पट्टी ४५ अंशांत तिरकी उभी करून तिच्या एका खुणेवर फोकस केला, एफ/८ ला शीट काढली. फिल्मवर सर्वांत स्पष्ट तीच खूण. एफ/११ ला त्या खुणेच्या पुढेमागे मिळून ४ मिमी खोली चांगली मिळते. शिंपल्याचा फुगवटा दीड-दोन मिमीचा. पुरतं.

३१ ऑक्टोबर

नरकचतुर्दशी. रात्रभर गावात नरकासुराच्या पुतळ्यांची धामधूम, झोप नाही. कामाचं काही नाही. फक्त एवढं लक्षात आलं की वातानुकूलित खोलीत भरलेला होल्डर अंगणात आणून उघडला तर पाचेक मिनिटांत फिल्म मधोमध पोटासारखी फुगते. जिलेटिन दमट हवेतलं पाणी पितं. खोलीत रद्दीतली शीट घालून, डार्क स्लाइड (फिल्मवरचं सरकतं झाकण) काढून, टॉर्चच्या तिरक्या उजेडात पाहिलं. म्हणून दिवाडीला होल्डर तासभर आधी खिडकीच्याच खोलीत नेऊन ठेवायचे, आणि डार्क स्लाइड काढल्यावर अर्धा मिनिट थांबून मगच शटर.

१० नोव्हेंबर, दिवाडी

दुसरी फेरी. हा दिवस सविस्तर लिहितो.

कॅमेरा खिडकीला समांतर हवा, आणि डोळ्याच्या अंदाजावर ४ मिमीच्या खोलीत भागत नाही. खिशातला चौकोनी आरसा आंटींच्या शिवणाच्या फितीने पट्टीवर सपाट बांधला. मग ग्राउंड ग्लासवर बघत कॅमेरा हलवत राहायचं, लेन्सचं स्वतःचंच प्रतिबिंब काचेच्या मध्यावर येईपर्यंत. मध्यावर आलं म्हणजे दोन्ही समांतर. वीस मिनिटं लागली. घराची जमीन लाकडी फळ्यांची आहे, माझं वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेलं तरी प्रतिबिंब सरकतं. शेवटी मी तिकाटण्याच्या एका बाजूला बसकण मारली आणि उठलोच नाही. होल्डर मामा हातात देत होते.

मोजणी: एफ/११ ला २ सेकंद. ०.४ पटीला बेलोज, म्हणजे कॅमेऱ्याचा भाता, लांबल्यामुळे प्रकाश जवळजवळ निम्मा होतो, म्हणून ४. त्यावर फिल्मची लांब वेळेतली सुस्ती. इल्फर्डने एफपी४ ला १.२६ हा घातांक दिलाय, त्याने ४ चे ५.७ होतात. सहा सेकंद धरले. सिमारने एफ/२२ ला हीच गोष्ट काढायला ३३ सेकंद लागतात. तीही एक शीट तुलनेसाठी काढली. त्या ३३ सेकंदांत अंगणातून एक स्कूटर गेली आणि फळ्यांतून ती मला तळहाताला जाणवली.

डिजिटारच्या सहा सेकंदांत आंटी दारातच थांबल्या होत्या, पदराने हात पुसत. शटर मिटल्याचा आवाज आल्यावरच आत आल्या.

१३ नोव्हेंबर

आज बर्फ कमी लागला, पाणी २७ अंश.

दोन निगेटिव्ह लाइटबॉक्सवर शेजारी शेजारी. नुसत्या डोळ्याने दोन्ही सारख्याच वाटतात, हे आधी सांगायला हवं. आठ पटीचं भिंग टेकवलं. सिमारच्या शीटमध्ये तिसऱ्या ओळीतला दुसरा शिंपला राखी रंगाचा एक चौकोन. डिजिटारच्या शीटमध्ये त्याच शिंपल्यावर वाढीच्या रेषा एकीत एक गुंफलेल्या, बिजागरीच्या टोकाकडून पंख्यासारख्या पसरलेल्या. एका कोपऱ्यात थर सुटून वर उचललेला, त्याच्याखाली हवा शिरलेली, तिथली चकाकी वेगळी. खालच्या धारेवर कापणाऱ्याच्या कातरीचे तीन झटके मोजता येतात. ती कातर चालवणारा कोण, कुठल्या काळातला, काही माहीत नाही. पण त्याचा हात कुठे थांबला आणि पुन्हा सुरू झाला ते आता फिल्मवर आहे.

अगदी कोपऱ्यांत, शेवटच्या पाचेक मिमीत, डिजिटार ढिली पडते. वर्तुळाची धारच तिथे आहे. २४ × ३० ऐवजी २३ × २९ छापेन.

२३ नोव्हेंबर

स्कॅन. माझा फ्लॅटबेड कागदावर काहीही म्हणो, चाचणीपट्टीवर तो खरे २४०० डीपीआय देतो. मिमीला ४७ रेषाजोड्या. सिमारच्या एफ/२२ ला हे पुरत होतं, डिजिटारची शीट त्यात घातली की अर्धी मेहनत वाया. म्हणून २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने मॅक्रो लेन्स लावून १:१ ला निगेटिव्हचे तुकडे काढले, आडवे चार, उभे पाच, एकूण वीस, आणि संगणकावर जोडले. अशाने मिमीला १६७ पिक्सेल मिळतात. एका निगेटिव्हला दोन तास. नऊ खिडक्यांना परवडेल.

जुन्या गोव्यात परवापासून संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दशवार्षिक प्रदर्शन सुरू झालंय, ५ जानेवारीपर्यंत चालेल. त्या बाजूच्या धक्क्यावर कॅमेऱ्याच्या पेट्या घेऊन जाण्यात अर्थ नाही. यापुढे रायबंदरहून.

८ डिसेंबर, दिवाडी

तिसरी आणि चौथी खिडकी झाली. उजेड संपायच्या आत घराचा दर्शनी भागही काढला, याच लेन्सने, पण ६×९ च्या रोलफिल्म बॅकवर. ५६ × ८४ चा कर्ण १०१, तो ११० च्या वर्तुळात बसतो. आडव्या चौकटीत साडेसात मिमी राइज मिळाला, तेवढ्यात छपराची कौलं आली आणि अंगणातली दुचाकी गेली. चिऱ्याच्या भिंतीची भोकं न् भोकं दिसतात. लांबच्या कामाला ही लेन्स ६×९ पुरतीच धरायची, हे आता नक्की.

१५ डिसेंबर, दिवाडी

पहिल्या खिडकीचा प्रिंट आंटींना द्यायला गेलो. त्याआधी घरी मोठ्या पडद्यावर तो बघताना एक चौकोन अडला होता. सर्वांत वरच्या ओळीतला चौथा. बाकी एकोणीस तावदानांत वाढीच्या रेषा आहेत, याच्यात एकही नाही. त्याऐवजी बारीक गोल गोल ओरखडे, सगळे सारख्याच वळणाचे. खोलीत उभं राहून बघितलं तर तो शेजारच्यांसारखाच दुधाळ दिसतो. मी त्या खिडकीसमोर दोन दिवस बसलो होतो आणि मला ते कळलं नव्हतं.

आंटींना प्रिंटवर बोट ठेवून विचारलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. मग कोकणीत म्हणाल्या की ते त्यांच्या नवऱ्याचं काम. एका पावसाळ्यात वरचा शिंपला फुटला तेव्हा त्यांनी प्लास्टिकचा तुकडा आणून मागच्या बाल्कांवात (ओट्यावर) बसून पॉलिश पेपरने घासला होता, अख्खी दुपार, उजेडाला धरून बघत बघत, शेजारच्या शिंपल्याशी जुळेपर्यंत. ते जाऊन बारा वर्षं झाली. तो तुकडा कुठला, हे त्याही विसरल्या होत्या.

प्रिंट त्यांनी ठेवून घेतला. या चौकोनाचा मोठा करून एक वेगळा प्रिंट हवा म्हणाल्या. निगेटिव्ह क्रमांक ७, वरून पहिली ओळ, डावीकडून चौथा. तो २० × २० सेंमी करतो, फायबर कागदावर, पुढच्या फेरीला.